वहिनींची गाडी अलोऱ्यावरून जाते

एखादी गोष्ट सरळ सांगता येते, हे आमच्या वहिनींना पटवून देईल असा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात अजून जन्माला आलेला नाही. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माहेर गुहागरचं, सुपारीच्या बागेतलं. तिकडे सुपारी काढणारा गडी एकदा वर चढला की खाली उतरायचं नाव घेत नाही, झोका घेऊन या पोफळीवरून त्या पोफळीवर जातो. वहिनींनी लहानपणी हे इतकं पाहिलंय की बोलायलाही त्या तशाच शिकल्या. मागे एकदा जेवताना मी एवढंच विचारलं, की आमटीत मीठ जरा कमी पडलंय का. झालं! मीठ कमी पडलं, कारण बरणी उघडायला आणि दार वाजायला एकच गाठ पडली. दारात पलीकडच्या घरातली मुलगी. तिचं ठरलेलं लग्न मोडलेलं. मोडलं, कारण मुलाच्या काकांना पत्रिकेवर आपलं नाव वडिलांच्या वर हवं होतं. काका असे, कारण त्यांना लहानपणी मामाकडे ठेवलेलं. मग मामा, मामाचा कुत्रा, कुत्र्याला चावलेला शेजारी. माझा ताकभात संपला, हात धुऊन मी सुपारी कातरायला घेतली, तेव्हा वहिनी बरोबर पहिल्या पोफळीवरून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "आणि त्या गडबडीत मीठ राहिलं, भाऊजी." मधला एकही माणूस त्यांनी वाटेत सोडला नव्हता, कुत्र्यासकट.

बाजारात तर कोळणी त्यांना ओळखूनच आहेत. मासा हातात घेऊन वहिनी बोलायला लागल्या की उन्हं चढतात. एकदा एक कोळीण काकुळतीला येऊन म्हणाली, "वयनी, गोष्ट सांगा सावकाश, पन ती सुरमय आदी खाली ठेवा. हातातल्या हातात शिजल ती." मुंबईहून आलेल्या भाच्यानं स्टेशनावरून फोन करून घराचा पत्ता विचारला, तर वहिनींनी "निळ्या गेटाचं घर" एवढं सांगून गेट आता निळं का नाही तिथपासून सुरुवात केली. भाच्याने फोन स्पीकरवर टाकला होता. रिक्षावाला विचारत विचारत घरापाशी आला, त्याने भाच्याला उतरवलं, आणि गेटाचं पुढे काय झालं ते ऐकायला स्वतःही ओटीवर येऊन बसला. चहा घेऊनच गेला.

अशा बाईला नवरा कसा मिळावा? तर माझा दादा. हा माणूस नसून एक मोठा कान आहे, असं माझं पूर्वीपासूनचं मत. इथे गावी परतण्याआधी त्याची सगळी नोकरी चिपळूणजवळच्या अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत गेली. लग्न होऊन वहिनी तिथेच आल्या, आणि त्या दिवसापासून दादाला बोलायचं कारणच उरलं नाही. तो फक्त "हं" म्हणायचा. पण त्या "हं"ला तुम्ही कमी समजू नका. एक खालच्या पट्टीतला होता, त्याचा अर्थ मी इथेच आहे. एक लांबलचक होता, म्हणजे बरी खोड मोडली त्याची. आणि एक शेवटाला वर जाणारा, "हं?", म्हणजे पुढे काय झालं? त्या तिसऱ्या "हं?"वर वहिनींचा सगळा संसार चालला होता. तो आला की त्यांच्या डोळ्यांत असा काही उजेड यायचा, की मी आणि माझी बायको एकमेकांकडे बघायचं टाळायचो. आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही लावतात.

आमच्या घराण्यातल्या पुरुषांचे कान साठीनंतर रजेवर जातात. वडिलांचे गेले, काकांचे गेले, माझेही आता अर्ज टाकून बसलेत. दादाचे मात्र अगदी ठार गेले. सुरुवातीला वहिनींनी आवाज चढवला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की दादा सोडून सगळ्या आळीला सगळं कळू लागलं. एकदा त्या एका सुनेची हकीकत सांगत होत्या, तर कुंपणापलीकडून "अहो, मंगळवारी नाही, बुधवारी!" अशी दुरुस्ती आली. सून त्या दुरुस्ती करणाऱ्या बाईंचीच होती. मग कानाचं मशीन आणलं. दादाने ते थोडे दिवस घातलं, त्यात वारा वाजतो म्हणाला, आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं. आणि मग "हं" चुकायला लागला. रडायच्या जागी बरी खोड मोडलीवाला यायला लागला. वहिनींचा चेहरा बघून आपलं काहीतरी चुकलंय एवढं दादाला कळायचं. शेवटी त्याने "हं" म्हणणंच सोडून दिलं, आणि वहिनी गप्प झाल्या.

एका संध्याकाळी मी गेलो, तर दोघं ओटीवर बसलेली. वहिनींनी कप पुढे केला आणि म्हणाल्या, "चहा." बस्स, एवढंच. चहाची पावडर कुठून आणली, दुकानदाराचा मेहुणा काय म्हणाला, काही नाही. जन्मभर ज्यांनी गोष्ट सरळ सांगावी म्हणून मी डोकं फोडलं, त्या सरळ बोलल्या आणि मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून जाहीर केलं, "भाऊजी, मी कादंबरी लिहिणार."

मी विचारलं, "हे काय मधेच?"

"मधेच कसं? ह्यांचे कान गेले, डोळे आहेत की अजून. पुडीचा कागदसुद्धा सोडत नाहीत वाचल्याशिवाय. मग माझं बोलणं का नाही वाचणार?"

"बोलणं लिहून काढलं म्हणजे कादंबरी होत नाही," मी म्हणालो. आता मी या विषयातला अधिकारी माणूस. कादंबरीलेखनाच्या शिबिराला मी पुरे दोन दिवस बसलेलो आहे. त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलंय. माझ्या स्वतःच्या कादंबरीचा आराखडा गेली कित्येक वर्षं तयार आहे. प्रकरणांची नावं ठरलीत, पात्रांचे स्वभाव ठरलेत, अर्पणपत्रिकासुद्धा झाली. फक्त कादंबरी तेवढी लिहायची राहिलीय.

दुसऱ्याच दिवशी मी भला मोठा कार्डशीट घेऊन गेलो आणि त्यावर डोंगरासारखी रेघ काढली. पायथ्याशी सुरुवात, चढणीवर संघर्ष, माथ्यावर कळस, पलीकडे उतार आणि शेवट. वहिनी बराच वेळ त्या डोंगराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि चढणीवर गाडी बंद पडली तर?"

"कादंबरीत पडत नाही."

"कुंभार्ली घाटात तर हटकून पडते."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. पात्रांची माहिती भरायला दिली, तर नायिकेचा आवडता रंग कोणता, या रकान्यावर त्या अडल्या. "ते तिला विचारायला लागेल. अजून तेवढी ओळख नाही झाली आमची." तरी बिचाऱ्यांनी सगळं मनापासून केलं. मी सांगितल्याप्रमाणे एकेका प्रसंगाची चिठ्ठी करून त्यांनी त्या मागच्या पडवीतल्या दोरीवर, दादाच्या बनियनशेजारी, चिमट्यांनी लावल्या. म्हणजे कादंबरी एका नजरेत दिसावी. दुपारी समुद्राकडून वारा सुटला आणि कादंबरीची वाताहत झाली. नायिकेचं लग्न फणसावर अडकलं, खलनायक शेजारच्या विहिरीत गेला. शेजाऱ्यांनी तो काढून परत आणून दिला, वर "जपा हो" असंही सांगितलं. फोनला सांगा, तो टाइप करील, असंही मी सुचवून पाहिलं. वहिनींनी फोनकडे दयेने पाहिलं. "तो 'हं' कुठे म्हणतो?"

शेवटी आराखड्याबरहुकूम पहिलं प्रकरण तयार झालं. त्यात पहाट होती, धुकं होतं, कौलांतून झिरपणारा प्रकाश होता आणि खिडकीत उभी असलेली विचारमग्न नायिका होती. मी वाचून पसंत केलं. वहिनींनी ते दादाच्या हातात दिलं आणि पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. दादाने चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, म्हणाला, "अक्षर छान आहे," आणि तिसऱ्या पानावर चष्म्यासकट झोपी गेला.

मी म्हटलं, दुपारची वेळ आहे, डोळा लागायचाच. वहिनींचे डोळे भरून आले होते. "इतक्या वर्षांत हे माझ्या बोलण्यात कधी झोपले नाहीत, भाऊजी. कंटाळले असतील, पण झोपले नाहीत." एवढंच बोलून त्या आत गेल्या. फणसपोळीचे दिवस होते. ताटं कमी पडली तेव्हा त्यांनी माझा डोंगर खाली घातला, त्याला तूप फासलं आणि त्यावर फणसाचा रस पसरून उन्हात वाळवला. पुढे मला डब्यात जो तुकडा आला, त्याच्या पाठीला 'संघर्ष' चिकटलेला होता. चवीला बरा लागला.

त्या दिवसापासून वहिनी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्याने लिहितात. एक हात फोडणीत, दुसरा कादंबरीत. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजू. घरातली कॅलेंडरं संपली तेव्हा शेजारची आणवली. कादंबरीची सुरुवात अशी: 'आता सुलभा त्या दिवशी घरातून निघाली ती उशिराच, आणि त्याला कारण तिची सासू नव्हती, जरी सगळे तसं म्हणाले तरी.' या सुलभेला गुहागरहून एस.टी.ने संगमेश्वरला बहिणीकडे जायचंय. बस्स, एवढीच कथा. पण गाडीत माणसं आहेत, आणि वहिनी कुणालाही सोडत नाहीत. मी पुन्हा एकदा नियोजनाचं महत्त्व सांगू लागलो, तर म्हणाल्या, "तुमचं तुम्हाला बरोबर आहे हो. तुम्ही बाजारात यादी घेऊन जाता. मी बांगडा चांगला दिसला तर बांगडा घेते, नाहीतर कोळंबी, आणि घरी येईपर्यंत कालवण कसलं ते सुचतं. ज्याची त्याची रीत. पण भाऊजी, यादी झाली असेल तर आता एकदा बाजारात जा की!" हे त्यांनी हसत म्हटलं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

कर्तव्य म्हणून मी लाल पेन घेऊन त्यांची पानं तपासत असे. एकदा समासात लिहिलं, 'नायिका संगमेश्वरला कधी पोचणार?' ते पान दादाच्या हाती पडलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तो सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "पोचवायची घाई कुणाला आहे? एस.टी.ला नाही, तर तुला कसली?"

पण पुढे एका ठिकाणी मी वहिनींना पकडलंच. त्यांची गाडी चिपळूणला पोचली आणि संगमेश्वरकडे वळायच्या ऐवजी निघाली ती थेट अलोऱ्याला. मी म्हटलं, "वहिनी, अलोरे कऱ्हाडच्या रस्त्याला! अगदी भलतीकडे! गाडी तिकडे जाईलच कशी?"

"कंडक्टरच्या बहिणीचा डबा पोचवायचा होता."

"डब्यासाठी कुणी गाडी वळवतं?"

"ती बाळंतीण होती, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. मग कढईत बघत, "मला तरी काय माहीत गाडी तिकडे जाईल म्हणून? मी नुसती आत बसले होते."

मी पुढचं पान उलटलं. अलोऱ्याच्या स्टॉपवर एक काटकुळा तरुण छत्री घेऊन उभा होता. त्याला कुठेच जायचं नव्हतं. सुलभा खिडकीतून त्याच्याशी बोलायला लागली, म्हणजे उशीर कशामुळे झाला ते सांगायला लागली, आणि तो पाऊणभर पान नुसता "हं" म्हणत होता. मी लाल पेनाला टोपण लावलं. पुन्हा काही ते काढलं नाही.

मध्यंतरी एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. कादंबरी आता संपवा, असं सांगायचंच, हा विचार पक्का करून गेलो होतो. वहिनी ओट्यापाशी लिहीत होत्या, दादा बाहेर ओटीवर पानं घेऊन बसला होता. मी पाटावर टेकतो न टेकतो तोच बाहेरून दादाच्या हसण्याचा आवाज आला. वहिनींचा हात थांबला. मान किंचित कलती करून त्या ऐकत राहिल्या. जन्मभर बोलणारी ही बाई पळी हातात धरून, शब्द न काढता, ऐकत उभी होती.

"अलोऱ्याला आले," त्या हळूच म्हणाल्या.

"पण ते पान तर त्याने केव्हाच वाचलंय."

"रोज वाचतात. नवीन पान हातात पडेपर्यंत तेच काढून बसतात."

मग हसणं थांबलं. पान संपलं असावं. आणि त्या शांततेत दादा, समोर कुणी बोलत नाहीये हे विसरून, पूर्वीसारखं म्हणाला, "हं?" तोच तो, शेवटाला वर जाणारा. किती दिवसांनी ऐकला मी! वहिनींनीही ऐकला. सवयीने उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तसंच मिटलं, पदराने डोळे टिपले, गॅस बारीक केला आणि कॅलेंडरचं पान पुढ्यात ओढलं.

मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. गाडी अलोऱ्याहून सुटली होती, पण संगमेश्वरकडे नव्हे. कोपऱ्यावर कुणीतरी हात दाखवला होता. कादंबरी कधी संपवणार, हे मी काही विचारलं नाही, चहा न घेताच निघालो. सुलभा लवकर पोचू नये, एवढंच रस्ताभर मनात येत होतं.