बाहेरून कुलूप, आत मी

शनिवार, २४ जानेवारी. चार किलो मटार सोलायचे होते. दुसऱ्या दिवशी रथसप्तमी, म्हणजे उरलीसुरली हळदीकुंकवं उरकायची सगळ्यांची घाई. मी नेहमीचं केलं. जाळीच्या दारातून हात बाहेर काढून कडीला बाहेरून कुलूप घातलं, आतलं दार लावलं, फोन गप्प केला आणि सोलायला बसले.

आठवडाभर मी काउंटरवर बसून लोकांशी बोलते. नवरा फिरतीवर असतो, मुलगी पुण्याला. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत दोन तास गप्प बसायचं, तर घरात नसणं हा एकच उपाय आहे. 'नको' म्हटलं की लोक कारण विचारतात. कुलपाला कोणी विचारत नाही.

अकराच्या सुमारास बाहेर चपला वाजल्या. तिसऱ्या मजल्यावरची आमंत्रणाला आली होती.

"परत कुलूप? दर सुट्टीला ही बाई जाते कुठे?"

समोरच्या फ्लॅटमधली, मूळची नामपूरची, म्हणाली, "वणीला गेल्यात, देवीला. संध्याकाळी येतील. मी सांगते त्यांना."

माझे हात थांबले. वणीचं नावही मी तिच्याजवळ काढलं नव्हतं.

अर्ध्या तासाने कोणीतरी जाळीला काही अडकवून गेलं. कानोसा घेऊन मी आतलं दार उघडलं. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात गुळाच्या पोळ्या. डबा गरम होता. वणीला गेलेल्या बाईला गरम पोळ्या कोण ठेवतं?

म्हणजे समोरचीला माहीत होतं. कधीपासून? आणखी कोणाला? इमारतभर झालं, तर माझे शनिवार-रविवार संपलेच, वर शिष्ट म्हणून नाव पडणार ते वेगळं. आणि दुसऱ्यासाठी कोणी उगाच खोटं बोलत नाही. एक पोळी खाल्ली. उत्तम होती. त्याने संशय वाढलाच.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर हळदीकुंकवाला जावंच लागलं. वाण हातात ठेवता ठेवता यजमानीणबाईंनी विचारलं, "वणीचा प्रसाद नाही आणलात?"

मी तोंड उघडायच्या आत समोरची म्हणाली, "लय गर्दी होती. अर्ध्यातूनच फिरल्या."

मी मान हलवली. आता दोघी एकाच खोट्यात.

जिन्यात मी तिला गाठलं. "कधी कळलं?"

"दिवाळीपासून. ताई, कुलूप घातल्यावर कुकर लावत जाऊ नका. तीन शिट्ट्या माझ्या घरात ऐकू येतात."

टीव्ही, फोन, नळ, सगळं मी सांभाळलं होतं. कुकर डोक्यातच आला नव्हता.

"कोणाला बोललात?"

"बोलले असते, तर तुम्हाला वणीला कशाला धाडलं असतं?"

"मग तुम्हाला काय हवंय?"

ती हसली. "डबा. सासूबाईंचा हाय, त्या मोजून ठेवतात."

एवढंच असेल यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच, सगळीकडे शिट्ट्या चालू असताना, मी कुकर उरकून घेतला. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून सोललेले मटार भरले आणि बेल न वाजवता तिच्या जाळीला अडकवला. मग घरात येऊन हात बाहेर काढला आणि कुलूप घातलं.