हसनाबादची मृणाल

मृणालताई गेल्याचं मावशीला मलाच कळवावं लागलं. आईला फोन हातात धरवत नव्हता आणि दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये आमच्या घरचं दुसरं कोणी नव्हतं. आपल्याकडे संध्याकाळ झाली होती, तिकडे अमेरिकेत सकाळ. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. "मावशी, ताई गेली गं..." एवढंच मला बोलता आलं. मग ती म्हणाली, "मी येते." त्याबरोबर तिच्या नवऱ्याचा, काकांचा, घाबरलेला आवाज आला, "सुधा, एकदा गेलीस तर हे लोक परत येऊ देणार न्हाईत. ओंकारचं काय करायचं?"

पोटची मुलगी गेल्यावर आईने यायचं की नाही, हा प्रश्नच कसा पडतो, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. मृणाल माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही दोघी जन्मलो आजोळी, भोकरदनजवळच्या हसनाबादला. ती नऊ वर्षांची असताना काकांना अमेरिकेत नोकरी लागली आणि तिघं तिकडे गेली. तिथे राहायची परवानगी नोकरीला बांधलेली होती. मंदीत नोकरी गेली, परवानगीही संपली, आणि आज ना उद्या दुसरं काही जमेल म्हणत ती मंडळी तिथेच राहिली. ताईचा धाकटा भाऊ ओंकार तिथे जन्मला म्हणून तो तिथला नागरिक. बाकीची तिघं चोरून राहणारी! अनोळखी माणसाने दार वाजवलं की टीव्ही बंद करायचा, दिवा घालवायचा आणि न्हाणीघरात जाऊन बसायचं, हा त्यांच्या घरातला नियम होता. ओंकार तान्हा होता. तो रडू नये म्हणून ताई त्याला छातीशी घट्ट धरून बसायची. पुढे कितीतरी वर्षांनी, भाजी निवडता निवडता तिने मला हे सांगितलं आणि म्हणाली, "तो गुदमरंल की काय, याची पण भीती वाटायची गं."

अभ्यासात मात्र ती सगळ्यांच्या पुढे. तिथली काही श्रीमंत खासगी कॉलेजं हुशार मुलांना कागदपत्रांचं न विचारता घेतात, सगळा खर्च उचलतात. अशाच एका फार जुन्या, फार नावाजलेल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. दगडी इमारती, मोठाली झाडं, न्यायाधीशांची आणि कारखानदारांची मुलं वर्गात. आम्ही इकडे जालन्यात पेढे वाटले. तिकडे ताई रोज एक नवीन खोटं रचत होती. मैत्रिणी सुट्टीत परदेशी निघाल्या की हिचं पोट दुखायचं. गाडी का चालवत नाहीस, तर म्हणे डोळे कमजोर आहेत. एका मैत्रिणीचे वडील जेवायला घेऊन गेले आणि सहज म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात माझ्या ऑफिसात कामाला ये. ताई हो म्हणाली, आणि त्या मैत्रिणीशी बोलणंच सोडून दिलं. कामाला जायचं म्हणजे कागद दाखवायचे, आणि नाही म्हणायचं म्हणजे कारण सांगायचं... जिवाभावाची अशी ती एकच मैत्रीण होती.

दुसऱ्या वर्षी थंडीच्या सुट्टीत ती बसने घरी निघाली होती. रस्त्यात बस थांबवून गणवेशातले दोन अधिकारी वर चढले आणि पुढच्या बाकापासून एकेकाला विचारत निघाले, जन्म कुठला? ताई मधल्या बाकावर होती. अधिकारी जवळ आला तेव्हा तिने फक्त कॉलेजचं ओळखपत्र पुढे केलं. त्यावरचं कॉलेजचं नाव वाचून तो चक्क हसला. "अभ्यास छान करा," म्हणाला आणि पुढे गेला. मागच्या बाकावर एक मजूर होता, मांडीवर जेवणाचा डबा. त्याच्याकडे असं नाव नव्हतं. त्याला उतरवून नेलं. खिडकीतून तिला तो दिसत राहिला, रस्त्याच्या कडेला, डबा तसाच हातात धरलेला. "मी पण बिनकागदाची आणि तो पण बिनकागदाचा होता, सीमा," ती मला म्हणाली. "मी वाचले ते त्या नावामुळं." त्यानंतर कॉलेजचं नाव छापलेला आपला स्वेटशर्ट तिने कधी अंगात घातला नाही.

पदवी मिळाली. हुशारीत कमी नव्हती, पण नोकरी कोण देणार? परत यायचं तिने स्वतःच ठरवलं. मावशी पाया पडायची बाकी राहिली. "पोरी, एकदा गेलीस तर इथल्या कायद्यानं दहा वर्षं परत येता येत न्हाई, तुझं तोंड दिसणार न्हाई मला," म्हणाली. आई-बाप तिला सोडायला विमानतळापर्यंत जाऊ शकले नाहीत. तिथे पोलीस असतात. अलीकडच्या एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवून त्यांनी तिला टॅक्सीत बसवलं.

आमच्या घरी आली तेव्हा तिचं मराठी ऐकून आम्ही हसलो. ते नऊ वर्षांच्या पोरीचं मराठी होतं, जसंच्या तसं हसनाबादचं. "मी ना, लहानपणी इथं पडल्ते," म्हणायची. नंतर एका कॉलेजात ती इंग्रजी शिकवू लागली, पोरींची लाडकी झाली. पण भीती काही सामानासारखी मागे ठेवून येता येत नाही. आल्यावर काही दिवसांतच स्टेशन रोडला पोलिसाने माझी स्कूटी थांबवली. मी लायसन शोधतेय तोवर ही मागून उतरून दोन्ही हात वर, पंजे उघडे धरून उभी. चेहरा पांढराफटक. पोलीसच गडबडला. "ओ ताई, काय करून राह्यल्या? हात खाली घ्या आधी." त्याने स्वतःची पाण्याची बाटली दिली. "कुठल्या तुम्ही?" ताई एकेक शब्द जुळवत म्हणाली, "हसनाबादची. जन्म तिथलाच." "मंग माझ्या सासुरवाडीच्या की हो!" तो हसत म्हणाला. घरी येईपर्यंत ती माझ्या पाठीला डोकं लावून रडत होती...

यंदा डेंग्यूने तिला गाठलं. तापात रक्तातल्या पेशी उतरत गेल्या, जालन्याहून संभाजीनगरला हलवलं, उपयोग झाला नाही. शेवटी शेवटी पावलं वाजली की ती डोळे उघडायची. "कोण आलं?" मी सांगायची, "नर्स आहे गं ताई." ती हळूच विचारायची, "बराबर बघितलंस ना?"

मावशी आली. प्रवासाचे कागद मिळवण्यात दिवस गेले, तेरावंही होऊन गेलं होतं. आता तिला परत जाता येणार नाही, आणि काका तिकडून निघू शकत नाहीत. ओंकार शाळेत आहे, त्याला एकटं कसं सोडणार? निघताना तोच म्हणाला होता, "आई, तू जा. मी येईन सुट्टीत." आल्यापासून मावशी ताईच्या खोलीत झोपते. स्वतःची सुटकेस मात्र तिने रिकामी केली नव्हती. तिच्यातूनच रोजचे कपडे काढायची आणि पुन्हा चेन लावून ठेवायची.

मागच्या आठवड्यात खोली झाडायला घेतली तेव्हा पलंगाखाली, भिंतीकडच्या बाजूला, एक पाठीवरची बॅग सापडली. आत दोन ड्रेस, टूथब्रश, चार्जर, पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा. आमच्या घरात, जालन्यात, ताई निघायच्या तयारीने झोपत होती. मी पुडा हातात घेऊन बघितला. ताजा होता. म्हणजे जुना काढून ती नवा ठेवत होती.

"मीच शिकवलं तिला हे," मावशी म्हणाली. "कधी निघावं लागंल, सांगता येत न्हाई, म्हणायची मी."

ती खाली बसली. एकेक वस्तू काढून तिने मांडीवर घेतली, ड्रेसच्या घड्या पुन्हा घातल्या आणि कपाटात ठेवल्या. मग आपली सुटकेस ओढली, उघडली आणि त्या ड्रेसच्या शेजारी साड्या लावायला लागली. मी मदतीला पुढे झाले, तर मानेनेच नको म्हणाली. सगळं लावून झाल्यावर ताईची ती रिकामी बॅग तिने धुतली, पिळली आणि गच्चीवर वाळत घातली.