शेजारणीच्या भिंतीवरची काच

रॉटरडॅममध्ये जुने शोधावे लागते. युद्धात शहराचा मध्यभाग बाँबने पडला, उरलेला आगीने नेला, आणि पुढे जे बांधले ते काच, काँक्रीट आणि मधून सुटणारा वारा. आग जिथे थांबली तिथे पदपथात दिवे बसवून ती रेषा आखून ठेवली आहे. पहिल्यांदा मुलीकडे आलो तेव्हा जावयांनी उंच इमारती दाखवल्या. मी त्या पाहिल्या. दुसऱ्या दिवसापासून नदीच्या दक्षिणेला, जिथे आग पोचली नव्हती तिथल्या गल्ल्यांतून कॅमेरा घेऊन हिंडू लागलो. लांब जावे लागत नसे. मुलीचा फ्लॅट अशाच एका गल्लीच्या टोकाला, नव्या इमारतीत होता.

पत्नी गेल्यानंतर मी दरवर्षी इथे येतो. व्हिसा तीन महिन्यांचा मिळतो, तेवढे राहतो.

घरांचे फोटो काढणे हा माझ्या नोकरीचा भाग होता. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात असताना दर उन्हाळ्यात धोकादायक इमारतींची पाहणी करावी लागे. पद्धत ठरलेली होती. कॅमेरा भिंतीसमोर सरळ धरायचा. उभ्या रेषा उभ्याच आल्या पाहिजेत. तड्याशेजारी पोलादी मोजपट्टी ठेवायची. चौकटीत माणूस येऊ द्यायचा नाही, कारण माणूस आला की पाहणाऱ्याचे लक्ष भिंतीवरून उडते. निवृत्तीनंतर खाते सुटले, हाताची सवय राहिली. रॉटरडॅमच्या गल्लीतही मी माणसे निघून जाण्याची वाट पाहत उभा राही. सायकलींपुढे मात्र हात टेकले. या देशात माणूस हटतो, सायकल हटत नाही.

त्या गल्लीत एका घरापुढे एक वृद्ध बाई लाकडी खुर्ची टाकून बसत. घर दुमजली, काळपट लाल विटांचे; खिडक्यांवर पिवळ्या विटांच्या चपट्या कमानी; दाराशेजारी फरशीची एक रांग उचकटून लावलेला उंच गुलखैरा. त्या दिवशी आभाळ भरलेले होते, सावल्या नव्हत्या, फोटोला हवा तसा उजेड होता. मी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. बराच वेळ गेला. शेवटी त्या उठून रस्ता ओलांडून आल्या.

“कशाची वाट बघताय?”

“तुम्ही आत जाण्याची.”

त्या मोठ्याने हसल्या. “मी जन्मल्यापासून इथे बसते. घराचा फोटो हवा असेल तर मीही त्यात येणार.”

“मला फक्त घर हवं आहे, मॅडम.”

“मॅडम? मी काय तुमची शाळा तपासायला आलेय?”

आमचे बोलणे इंग्रजीत चाले. दोघांनाही ती परकी, त्यामुळे वाक्ये लहान राहत. मी त्यांना ‘बाई’ म्हणू लागलो. अर्थ विचारला तेव्हा सांगितले की आमच्याकडे आदराने असे म्हणतात, शिक्षिकेलाही म्हणतात. “म्हणजे शेवटी शाळा आलीच,” त्या म्हणाल्या. त्या मला ‘बूरमान’ म्हणत. डच भाषेत शेजारी पुरुषाला तशीच हाक मारतात. नाव विचारण्याची गरज दोघांनाही पडली नाही.

त्यांचे आईवडील मूळचे मध्यभागातले. आग लागली तेव्हा एका बाबागाडीत भांडी आणि अंथरूण घालून पुलावरून दक्षिणेला आले आणि या घरात भाड्याने राहिले. बाईंचा जन्म इथलाच. लग्नानंतर नवरा इथे राहायला आला, इथूनच गेला. त्यांची मुलगी जवळच्या झूटरमेर शहरात असते. ती तिकडे बोलावत होती. बाई जायला तयार नव्हत्या. “आईला एकदा घर सोडावं लागलं. आमच्या घराण्यात तेवढं पुरे,” असे त्या म्हणत.

मी धोकादायक इमारती पाहिलेला माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी मला आत नेले. पुढच्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीला तडा गेला होता; कोपऱ्यातून निघून तिरका छतापर्यंत.

“खरं सांगा, बूरमान. हा चालतोय की थांबलाय?”

प्रश्न योग्य होता. त्या भागात जमिनीखाली खडक नाही. चिखलात लाकडी खुंट ठोकून त्यांवर घरे उभी केली आहेत. खुंट पाण्यात बुडालेले असतील तोवर पिढ्यानपिढ्या टिकतात. जमिनीतले पाणी खाली उतरले आणि खुंटांची डोकी उघडी पडली, की कुजू लागतात आणि घर बसते. गल्लीतली काही घरे बसू लागली होती. घरांची मालक संस्था ती पाडून नवी बांधण्याचा विचार करीत असल्याची बोलवा होती.

नुसत्या डोळ्यांना तडा चालता की थांबलेला, हे कळत नाही. त्यासाठी आमच्या खात्यात काचपट्टी लावत. तड्यावर आडवी पातळ काच ठेवायची, दोन्ही टोके प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्यांत बसवायची, गोळ्यावर पेन्सिलीने तारीख घालायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. मी मुलीला सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या मागवायला सांगितले.

“बाबा, लोक इथे येऊन ट्यूलिप बघतात,” ती म्हणाली. “तुम्ही तडे बघता. आणि आता दुसऱ्यांच्या घरात काचा चिकटवणार? परमिशन घेतलीय का?”

“त्यांनीच सांगितलं आहे.”

“मग ठीक आहे. फक्त भिंतीचा रंग खराब करू नका.”

  रंग खराब झाला नाही. मी काच बसवली, अंगठ्याने गोळे दाबले, तारीख घातली, मोजपट्टी धरून फोटो काढला. पाकिटात उरलेल्या काचा आणि प्लॅस्टरची पुडी बाईंकडेच राहिली. “काच शाबूत, तर घर शाबूत,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, इतके सोपे नसते. त्यांनी ऐकले असे वाटले नाही.

मी पुण्याला परतलो. वर्षभर मुलगी फोनवर सांगत राहिली की तुमच्या बाई खिडकीतून अंगठा वर करून दाखवतात, काच ठीक आहे म्हणे.

पुढच्या वर्षी आलो त्याच दिवशी त्यांनी मला बोलावले. काच शाबूत होती. मी जवळ गेलो आणि ती माझी नाही हे लगेच कळले. माझे गोळे अंगठ्याने दाबलेले, ओबडधोबड. हे सुरीने सारखे केलेले, केकवर क्रीम लावावे तसे. तारीख नव्हती.  त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. “फोटो काढा,” त्या म्हणाल्या. “मोजपट्टीसकट.” मी काढला.

तोवर बोलवा खरी ठरली होती. मालक संस्थेने पाडण्याचा प्रस्ताव मांडला होता; रहिवाशांना दुरुस्ती हवी होती. वस्तीच्या सभागृहात त्यांनी संस्थेच्या अधिकाऱ्यांना बोलावले आणि भिंतींवर माझे फोटो लावायचे ठरवले. मी निवडून दिले: कमानी, चौकटी, लाकडी पन्हळी, दारावरच्या रंगीत काचा. सभेच्या दिवशी दुपारी आम्ही फोटो टांगत होतो. बाईंनी एक फेरी मारली आणि माझ्यापुढे येऊन थांबल्या.

“माझी काच कुठे आहे?”

“लावलेली नाही.”

“दोन फोटो आहेत. तीच भिंत, तीच मोजपट्टी, मध्ये एक वर्ष, आणि काच शाबूत. याहून मोठा पुरावा कोणता?”

“दुसरी काच माझी नाही, बाई.”

 त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुमची गेल्या हिवाळ्यात तडकली. मी दुसरी लावली. ती तडकलेली नाही, हे तर खोटं नाही ना?”

“ती वर्षभराची नाही.”

“कोणाला कळणार आहे?”

“मला कळलं.”

शेजारी एक गृहस्थ शिडीवर उभे राहून खिळा ठोकत होते. त्यांचे होईपर्यंत बाई थांबल्या.

“बूरमान,” त्या म्हणाल्या, “तुम्ही माझ्या भिंतीचे शेजारी आहात की माझे?”

मी उत्तर दिले नाही. फोटो लावला नाही. ते बरोबर होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. परंतु उत्तर देता आले असते. तुमचा, एवढे म्हणायला फोटो लावण्याची अट नव्हती.

अधिकारी आले. सभ्य माणसे होती. त्यांतल्या एक तरुण महिला अधिकारी प्रत्येक फोटोपुढे थांबल्या आणि मला म्हणाल्या, “फार सुंदर. हे संग्रहालयात ठेवायला हवेत.” तिथेच मला निकाल कळला. राहणार असलेल्या घराविषयी असे कोणी म्हणत नाही. मी स्वतः नोकरीत अशी स्तुती केली आहे.

निर्णय फोटोंवरून झाला नाही. त्यांनी घरांखाली खणून खुंट पाहिले होते; काही खुंटांची डोकी नखाने उकरता येत होती. भिंतीवरच्या एका काचेने, खरी असो वा बदललेली, त्यात काही फरक पडला नसता. म्हणजे मी काचेचे फोटो लावले असते तरी घर गेलेच असते, आणि बाई आपला प्रयत्न करून गेल्या असत्या. हा हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे. तो दर वेळी सारखाच सुटतो. समाधान देत नाही.

त्या मुक्कामात बाई पुढे भेटत राहिल्या, मान हलवून. हाक मारायची वेळ आली तर ‘मेनेर’ म्हणत. डचमध्ये ते अनोळखी पुरुषासाठी असते. चूक काही नव्हते त्यात.

यंदा आलो तेव्हा गल्ली रिकामी होती. दारांना पत्रे ठोकलेले. गुलखैरा फुलला होता. त्याला कोणी सांगितले नव्हते. सायकलीसुद्धा नव्हत्या. चौकटीत माणूस नाही, उजेड मऊ, उभ्या रेषा उभ्या. ज्या फोटोसाठी मी दोन वर्षे भिंतीला पाठ लावून उभा राहत होतो तो आता हवा तेव्हा मिळत होता. मी एक काढला. नंतर कॅमेरा खाली घेतला.

बाईंच्या पुढच्या खिडकीला अजून पत्रा नव्हता. खोली मोकळी होती. समोरच्या भिंतीत तड्यावर काचपट्टी होती, आणि ती शाबूत होती. लेन्सने जवळ ओढून पाहिले. गोळे या वेळी अंगठ्याने दाबलेले होते. उजव्या गोळ्यावर पेन्सिलीने तारीख होती, त्यांनी घर सोडले त्या आठवड्यातली. पाडायच्या घरात, जिथे ती वाचायला कोणी येणार नव्हते, तिथे त्यांनी नियमाप्रमाणे काच लावली होती आणि मग कुलूप घातले होते.

मी फोटो काढला. खिडकीच्या तावदानात माझे प्रतिबिंब येत होते. एक पाऊल बाजूला सरलो असतो तर टळले असते. सरलो नाही.

मुलीने पत्ता मिळवून दिला आणि मी ट्रेनने झूटरमेरला गेलो. फ्लॅट सहाव्या मजल्यावर, स्वच्छ, नवा. बाईंनी कॉफी दिली. बूरमान म्हटले नाही. खरे तर आता मी शेजारी नव्हतोच. मी त्यांच्या घराचे सगळे फोटो छापून आणले होते. त्या एकेक पाहत गेल्या.

“इथे माझी खुर्ची आहे,” त्या म्हणाल्या. पुढचा पाहिला. “इथेही आहे. मी कुठे आहे?”

“तुम्ही आत गेल्यावर काढले आहेत.”

“सगळे?”

“सगळे.”

मी कॅमेरा आणला होता. बसा, आता काढतो, असे म्हणालो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

“आता काढून काय? मागे घर कुठे आहे?”

शेवटी मी काचेचा फोटो पुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ धरला. मग तावदानातल्या अंधूक आकृतीवर बोट ठेवले.

“हे कोण?”

“मी.”

“फोटो बिघडवलात.”

“हो.”

इकडे लोक खिडकीच्या कट्ट्यावर शोभेच्या वस्तू मांडतात आणि त्यांचे तोंड रस्त्याकडे करतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावे म्हणून. बाई उठल्या. कट्ट्यावर दोन फुलदाण्या होत्या. त्यांच्यामध्ये त्यांनी फोटो उभा केला, तोंड बाहेर करून. सहाव्या मजल्यावरच्या त्या खिडकीसमोरून कोणी जात नाही. मी ते बोललो नाही.