बाळाला शीची जागाच नव्हती

बायांनो, आज सकाळी मानखुर्दला भाचीच्या दोन दिवसांच्या बाळाला आंघोळ घालायला गेले. पोट टम्म फुगलेलं. तिची सासू म्हणाली, "शी झाली नाही, एरंडेल पाजते."

मी लंगोट सोडला. शीची जागाच नाही. "वाटी खाली ठेव," म्हटलं आणि सगळ्यांना रिक्षात कोंबून हॉस्पिटल गाठलं.

तिथेही सासूचं चालूच, "ग्रहणात मासळी कापलीस, आता भोग." भाची रडायला लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, बाळ पोटात वाढतानाच असं होतं. आईचा दोष नाही. ऑपरेशन करून वाट काढू."

बाळ आत आहे. भाचीशेजारी मी बसलेय, हलणार नाही.

तुमच्याकडे बाळ आलं तर आधी लंगोट सोडून बघाल, की सुनेचं ग्रहण काढाल?