बिडाचा टब

आम्ही टब फोडायला गेलो, तर मालतीअक्का टबातच बसलेल्या. पाणी नव्हतं. अंगावर इस्त्रीची साडी, मांडीवर ताट आणि ताटात घेवड्याच्या शेंगा. त्या निवांत शेंगा निवडत होत्या.

बसप्पा मेस्त्री घण हातात घेऊन बाथरूमच्या दारात उभा होता. मला बघून कानडीत हळूच म्हणाला, की आता तुम्हीच काय ते बघा, मी म्हातारीच्या अंगावर घण चालवणार नाही.

मी बाथरूमं करते. सिव्हिलचा डिप्लोमा आहे, केशवापुरात छोटंसं ऑफिस आहे. हुबळी-धारवाडातली जुनी बाथरूमं उखडून नवी करून देणं हे माझं काम. लोकांना वाटतं, टाइल्स निवडायच्या आणि नळ बसवायचे. खरं तर निम्मं काम घरातल्यांची भांडणं ऐकून घेण्याचंच असतं.

इथलं भांडण आई आणि मुलाचं होतं. धारवाडच्या सप्तापुरातलं हे घर एका गोऱ्या साहेबानं बांधलेलं, कौलारू, उंच जोत्याचं. अक्कांच्या सासऱ्यांनी ते विकत घेतलं तेव्हा त्यात हा टब होताच. टब बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. आतून काचेसारखा पांढरा थर, त्याला इनॅमल म्हणतात. खाली चार पाय. अक्का गणिताच्या शिक्षिका होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, यजमान गेले. घरात त्या आणि सोबतीला यल्लव्वा. मुलगा प्रसाद बेंगळुरूला. गेल्या महिन्यात टबातून बाहेर येताना अक्का घसरल्या. हाड मोडलं नाही, पण प्रसादची झोप उडाली. त्यानं मला फोन करून सांगितलं, टब फोडा, शॉवर बसवा, खाली बसायला स्टूल द्या. आईशी बोलणं झालंय म्हणाला. ते काय झालं होतं ते मी आता डोळ्यांनी बघत होते.

"अक्का, बाहेर येता का? जरा बोलू या."

"बोल की. मला इथनं ऐकू येतंय."

मग त्यांनीच सांगितलं. त्यांचे दोन्ही गुडघे धरलेले. सकाळी गरम पाण्यात बसलं की ते सुटतात. त्या दिवशी देवापुढे खाली बसता येतं, पायऱ्या उतरून परसात जाता येतं. नाही बसलं, की दिवसभर यल्लव्वाचा खांदा. शॉवरचं पाणी डोक्यावरून जातं, गुडघ्यांना त्याचा काय उपयोग, असा त्यांचा सरळ हिशेब.

मी बसप्पाला घण ठेवायला सांगितलं. आज फोडणार नाही असा शब्द दिला. अक्कांनी ताट माझ्या हातात दिलं, कडेला धरलं आणि उठायला गेल्या. उठता येईना. परत जोर केला. गुडघा वाकेना आणि टबाची कड पार कमरेएवढी. शेवटी मी एका बाजूनं आणि यल्लव्वा दुसऱ्या बाजूनं, असं धरून त्यांना बाहेर काढलं.

बाहेर खुर्चीत बसल्यावर त्यांनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. मग म्हणाल्या, "हे प्रसादला सांगू नको."

"नाही सांगत. पण मग यावर उपाय काढायला पाहिजे, अक्का. त्याचं म्हणणं काही खोटं नाही."

"ते कळलं की मला आत्ता."

मी परत आत जाऊन टबाकडे नीट बघितलं. मोरीच्या भोकाभोवतीचं इनॅमल झिजून गेलं होतं, आतलं लोखंड उघडं पडून तांबारलं होतं. पितळी जोड गळत होता, त्यामुळे खालची शहाबादी फरशी कायमची ओली. पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं. खरा घोटाळा उंचीचा होता. टब पायांवर उभा, पाय फरशीवर. टब खाली गेला तर?

मी अक्कांना विचारलं, सकाळी कॉटवरून उठताना त्रास होतो का? त्या म्हणाल्या, नाही, तेवढं जमतं. मी त्यांच्या खोलीत जाऊन कॉटची उंची मोजली. टबाची कड तेवढ्या उंचीवर आली, तर अक्का कडेवर बसतील, पाय आत घेतील आणि येताना उलट. पाय काढून टब जमिनीत उतरवायचा, एवढंच. घराला उंच जोतं होतं, म्हणजे फरशीखाली नुसता मुरूम भरलेला. खणायला जागा होती.

प्रसादला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, आई परत पडली तर तुम्ही येणार आहात का?"

"नाही. म्हणूनच आधी नीट बघू द्या. जमत नसेल तर मी स्वतः फोडायला सांगेन."

तो फार खूश नव्हता. पण काम थांबवा असंही म्हणाला नाही.

बिडाचा टब उचलणं म्हणजे गंमत नव्हे. मार्केट यार्डातून हमाल बोलावले. त्यांनी दोरखंड बांधला, बांबू घातला, टब आडवा करून दारातून काढला आणि अंगणात पालथा ठेवला. तो दिवस अक्कांनी व्हरांड्यात बसून काढला. सप्तापुरात भाड्याच्या खोल्यांत राहणारी कॉलेजची पोरं कंपाउंडपाशी थांबून फोटो काढत होती. भाजीवाल्यानं विचारलं, म्हशीला पाणी पाजायला देता का. भंगारवाला दोनदा येऊन गेला. अक्का प्रत्येकाला एकच उत्तर देत होत्या, "विकायचा नाही." संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसला.

दुसऱ्या दिवशी टबाची परीक्षा होती. बीड वाकत नाही, तडकतं. तडा गेलेल्या टबावर कितीही थर चढवा, तो गळणारच. तडा ओळखायची सोपी रीत म्हणजे लाकडी हातोडीनं वाजवून बघणं. धड बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. मी कडेपासून वाजवत गेले. छान वाजत होतं. मोरीच्या भोकाजवळ आले आणि आवाज बद्द झाला.

परत वाजवलं. बद्दच.

व्हरांड्यातून अक्कांनी तो ऐकला. तडा असेल तर प्रसादला दिलेला शब्द पाळून मला घण मागवावा लागणार होता, आणि त्या क्षणी ते माझ्या फार जिवावर आलं होतं.

बसप्पानं खाली वाकून बोट फिरवलं. तिथे कुणीतरी पूर्वी पुट्टीचा जाड लेप मारलेला होता. वाळून दगड झालेला. अक्का म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांना अशा उद्योगांची हौस होती, गळतंय म्हटलं की लिंपायचे. पुट्टी छिन्नीनं हळूहळू काढायला दुपार गेली. मग त्या जागी रॉकेल चोपडलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. आम्ही सगळे टबाभोवती उभे राहून वाट बघत होतो. यल्लव्वासुद्धा हातातला झाडू घेऊन. रेघ उमटली नाही. मी परत वाजवलं आणि टब असा खणखणला, की पलीकडच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडून बघितलं.

अक्कांनी सगळ्यांना चहा दिला. हमाल केव्हाच गेले होते, नाहीतर त्यांनाही मिळाला असता.

पुढचा पेच पाण्याचा होता. टब खाली उतरवला, की त्याची मोरीही खाली जाते. बाहेरचा चेंबर, म्हणजे सांडपाण्याची टाकी, आता मोरीपेक्षा वर येत होता. पाणी काही चढ चढत नाही. पण मागचं परसू उतारावर होतं. तिथे केळी लावलेल्या. चेंबरचा नाद सोडून आम्ही जोत्याच्या भिंतीतून पाइप काढला आणि खडी भरलेल्या खड्ड्यात सोडला. आंघोळीचं पाणी केळींना. अक्कांना ही कल्पना टबापेक्षाही जास्त आवडली.

खड्डा झाला, काँक्रीट वाळलं आणि टब नुसता बसवून बघायचा दिवस आला. याला आम्ही ड्राय फिटिंग म्हणतो. सगळं पक्कं करण्याआधीची रंगीत तालीम. नेमका त्याच सकाळी प्रसाद बेंगळुरूहून येऊन थडकला, न सांगता. बाथरूममध्ये खड्डा, खड्ड्यात टब आणि शेजारी चिखलात उभी असलेली मी. तो उंचापुरा, डोळ्यांखाली रात्रीच्या प्रवासाचा शीण. आईला म्हणाला, तुझा हट्ट म्हणून मी गप्प बसलो, पण मला रोज ऑफिसात भीती वाटते की फोन वाजेल.

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं. "मलाही वाटते रे. टब फोडायला आले त्या दिवशी मला यातनं उठता आलं नव्हतं. हिनं आणि यल्लव्वानं धरून काढलं."

मी शब्द पाळून गप्प राहिले होते. त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. अक्का पुढे झाल्या आणि टबाच्या कडेला लागून केलेल्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर बसल्या, कॉटवर बसतात तशाच. भिंतीला लावलेला स्टीलचा दांडा धरला. एक पाय आत, मग दुसरा, मग सावकाश खाली. प्रसाद दोन्ही हात पुढे करून उभा होता. थोडं थांबून अक्का दांडा धरून वर आल्या, कट्ट्यावर टेकल्या, पाय बाहेर घेतले आणि उभ्या राहिल्या. त्याच्या हातांना काही कामच पडलं नाही.

"परत करून दाखव," तो म्हणाला.

त्यांनी करून दाखवलं. नंतर कितीतरी वेळ तो दांडा ओढून बघत होता, निघतो का म्हणून. मग त्यानं एक गोष्ट सुचवली, जी माझ्या डोक्यात आली नव्हती. दार आत उघडत होतं. आई आत पडली तर दार तिच्यावरच अडकेल. ते बाहेर उघडणारं करा आणि आतली कडी काढून टाका. अक्कांनी कडीसाठी थोडी घासाघीस केली, शेवटी बाहेरूनही उघडता येईल अशा लॅचवर तडजोड झाली.

त्यानंतर टब पुन्हा बाहेर काढून घासला आणि त्याला नवा थर दिला. खरं इनॅमल भट्टीत भाजून चढवतात, ते घरी होत नाही. आम्ही दोन भाग मिसळून लावायचं कोटिंग वापरतो. ते पूर्ण वाळेपर्यंत पाण्याचा थेंब लागता कामा नये. तोवर अक्का बादलीनं आंघोळ करत होत्या आणि रोज मला फोन करून वाळलं का विचारत होत्या.

पहिल्या आंघोळीला मी मुद्दाम हजर होते. गळती बघायची होती. जोड कोरडे राहिले. अक्का मात्र बाहेर येईनात. यल्लव्वानं दार वाजवलं, तर आतून कानडीत उत्तर आलं, "इन्नू स्वल्प." अजून थोडा वेळ. परसात केळींच्या बुंध्याशी वाफाळलेलं पाणी पोचलं तेव्हा आम्हाला कळलं, की बाई उठल्या एकदाच्या.

आता कुणाच्या घरी माप घ्यायला गेले, की टेप लगेच काढत नाही. आधी ते बाथरूम कोण वापरणार ते विचारते आणि त्या माणसाला एकदा उठायला-बसायला लावते. फोनवर ऑर्डर देणारा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो.