अक्काच्या दुखण्याचं नाव

"आई गेली, मावशी... हार्टनं," असं भाच्यानं हुलसूरहून फोनवर सांगितलं, तेव्हा रडू येण्याआधी मला संशय आला. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, हृदयाची तक्रार कधीच नव्हती. तिथं पोचल्यावर खोदून विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "किडन्या गेल्या होत्या. पण लोकांत बाईचं तसलं दुखणं कसं सांगायचं..."

अक्काचं लग्न झालं तेव्हा आमचा बीदरचा भाग म्हैसूर राज्यात येऊन थोडीच वर्षं झाली होती. वर्षाच्या आत तिला लघवीला जळजळ सुरू झाली. गोळ्या घेतल्या की बरं वाटे, मग काही आठवड्यांनी हुडहुडी भरून पुन्हा ताप. तिच्या सासूनं, आत्याबाईंनी, तिचं अंथरूण वेगळं केलं. दाजी तुरीच्या व्यापारासाठी हैदराबादला जात. ते नसताना घरी कोण येतं-जातं याची चौकशी होऊ लागली. अक्काला उलट दाजींचाच संशय. मलाही त्यांचाच.

शेवटी मी दोघांना बीदरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोघांनाही तपासून त्या म्हणाल्या, हा बाहेरून आणलेला रोग नव्हे. जंतू आपल्याच आतड्यातले असतात. काही बायकांच्या अंगातली राखणच कमी पडते, म्हणून दुखणं फिरून फिरून येतं. कुणाची कमी पडणार हे आधी कळतं का, असं मी विचारलं. "रक्तात त्याची काहीतरी खूण असणार," त्या म्हणाल्या, "पण ती आम्हाला अजून ओळखता येत नाही." परतताना दाजी एवढंच बोलले, "बाई बाईला सांभाळून घ्यायलीय."

पुढं बऱ्याच वर्षांनी आत्याबाई अक्कासारख्याच हुडहुडी भरून तापानं पडल्या. अक्का लुगडं बदलायला गेली तर त्या निऱ्या घट्ट धरून बसल्या. अक्कानं ओळखलं. तिनंच मला नंतर हे सांगितलं.

"आत्याबाई, तुम्हालाबी जळजळ होयलीय का?"

"तू या घरात यायच्या आधीपसनं हाय."

"मग मला कामून बोल लावलात?"

"तुझ्याकडं बोट केलं की माझ्याकडं कुणी बघत न्हाई..."

अक्का उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. सकाळी मात्र तिनं आत्याबाईंना जीपमध्ये घालून त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं, आणि दाजींना मुद्दाम समोर बसवलं. दोघींचं दुखणं एकच, असं बाईंनी सांगितलं. आईबद्दल तसला संशय बोलून दाखवायला दाजींची जीभ रेटेना. त्या दिवसापासून ते अक्कालाही वेडंवाकडं काही बोलले नाहीत. माफी मात्र मागितली नाही, आणि अक्कानंही त्यांच्यावर पुन्हा पुरता विश्वास टाकला नाही.

परवा मी निघायच्या तयारीत होते. ओसरीत पुरुषमाणसं बसलेली. अक्काची सून पाण्याचा पेला घेऊन आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मावशी, लघवीला जळजळ होयलीय का? दोन दिस झाले बघायलेय, पाणीच पीत न्हाई तुम्ही." पुरुषांनी माना फिरवल्या. हिला कुणी सांगितलं, म्हणून मी तिच्याकडे रोखून पाहिलं. "सासूबाई घरात येणाऱ्या परत्येक बाईला इचारायच्या," ती म्हणाली.

मी पेला घेतला. "व्हय," म्हणाले, "लई वर्षांपसनं."