हार्डडिस्क टकटकते, एसएसडी गुपचूप मरते

कुडव्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्त मशीन लोक घेऊन जातात, किस्से मात्र माझ्याकडेच सोडून जातात. आणि बहुतेक किश्शांत येडा मीच असतो!

एसएसडी नवीन आली तेव्हाचा जोश! एका मास्तरांना समजावत होतो, "सर, हार्डडिस्कच्या आत चकती फिरते. पडली की खेळ खतम. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. बघा, पाडून दाखवतो!"

पाडली. मास्तरांनी खाली बघितलं, मग माझ्या दुसऱ्या हाताकडे.

"भाऊ, एसएसडी तं तुमच्या हातातच आहे!"

फरशीवरची हार्डडिस्क माझीच होती, हे नशीब. म्हणजे मास्तरांचं.

*

नवेगाव बांधच्या एक ताई ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवतात. त्यांची हार्डडिस्क टकटक करायला लागली. मी एसएसडी बसवून दिली. "आता आवाज बंद, टेन्शन बंद!"

वर्षभरात ती एसएसडी गेली. एकही फाइल परत निघाली नाही.

"भाऊ, ते जुनी आठ दिवस टकटक करून सांगत तरी होती. हे तं न बोलताच मेली!"

"बॅकअप नव्हता घेतला?"

"तुम्हीच तं म्हणाले, टेन्शन बंद!"

*

तेव्हापासून मी येईल त्याला बॅकअपचं लेक्चर देऊ लागलो. मग माझ्याच लॅपटॉपची एसएसडी गेली. पोरीचे सगळे फोटो त्यात! घरी तोंड पाडून सांगितलं. बायकोने कपाटातून एक जुनी हार्डडिस्क काढली. दर महिन्याला ती त्यात फोटो कॉपी करत होती.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच तं दिवसभर लोकांना सांगता. मी ऐकलं. तुम्ही काऊन नाही ऐकलं?"

*

बोदलकशाचे एक आजोबा गमछ्यात हार्डडिस्क गुंडाळून आले. बायको वारली होती. तिची धानाच्या रोवणीची गाणी आजोबांनी स्वतः रेकॉर्ड केलेली. हार्डडिस्क कुरकुरत होती. बॅकअप किती गरजेचा, हे मी त्यांना अर्धा तास सांगितलं.

"बाबू, तिचा आवाज निघते का, तेवढं पाहा."

तीन दिवस झटलो. एकच तुकडा हाती लागला. मान खाली घालून लावला. गाण्याची अर्धी ओळ, आणि मग गाणारी बाईच ओरडली, "बंद करा ते मशीन! चूल विझून राहिली अन् तुम्ही त्यात गाणे भरून राहिले!"

"माफ करा आजोबा, गाणं एकही वाचलं नाही."

"गाणे तं मले सारे पाठ आहेत," आजोबा म्हणाले. "हेच पायजे होतं. अजून एकदा लाव."